शिकागोतला हॉट योगा आणि सोलापूरचं ऊन

तळ्याकाठची

डिसेंबरअखेर मुलीकडे शिकागोला गेले होते, मागच्या आठवड्यात परत आले. तिथे दोनदा हॉट योगाच्या, म्हणजे मुद्दाम तापवलेल्या बंद खोलीत आसनं करायच्या, वर्गाला जाऊन आले. पहिल्या वेळी जे झालं ते घरी सांगितलं तर सगळ्यांचं एकच, "तू सोलापूरची, आणि तुला गरम झालं?" माझाही जायच्या आधी तोच समज होता. तो चुकीचा निघाला, आणि का चुकीचा निघाला ते नीट लिहून ठेवावं असं वाटलं.

लिहायचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. आमच्या सकाळच्या वर्गातल्या दोन मुली परवा म्हणाल्या, "काकू, त्यासाठी अमेरिकेला कशाला जायचं? एप्रिल लागू दे, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी दोनला मॅट टाकतो." त्या करतील अशा आहेत. त्यांनी हे आधी वाचावं.

माझं वय ५४. अकरा वर्षं झाली, पहाटे सहाच्या वर्गाला खंड नाही. पावसात नाही, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत नाही. बीपीची गोळी चार वर्षांपासून चालू आहे. म्हणजे आसनं मला नवी नाहीत आणि ऊन तर नाहीच नाही.

त्या दिवशी बाहेर उणे बारा होतं. मिशिगन तळ्याचा काठ गोठलेला. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही. स्टुडिओच्या दाराशी बूट, कोट, टोपी, हातमोजे, स्वेटर, आतलं थर्मल असं एकेक उतरवून पातळ सुती कपड्यांवर यायचं. वर्गाच्या दाराला खालून रबराची पट्टी मारलेली, आतली हवा बाहेर जाऊ नये म्हणून. दार उघडलं आणि पहिलाच श्वास नाकात अडकला. मला मे महिन्यातलं आपलं ऊन आठवलं नाही. आठवली लहानपणची न्हाणी. बंबातलं कढत पाणी बादलीत ओतून दार लावलं की वाफ कोंडायची ना, तशी हवा. तीत पन्नास माणसांच्या घामाचा वास, आणि जमिनीवर जाजम. ते जाजमही ओलसर.

भिंतीवरचा काटा १०५ फॅरनहाइटवर, म्हणजे आपले साडेचाळीस. दमटपणा ४० टक्के. हे मोजमाप ठरलेलंच असतं. वर्ग ९० मिनिटांचा, २६ आसनं आणि दोन श्वसनाचे प्रकार, बहुतेक आसनं दोनदा, आणि क्रम कुठेही गेलात तरी तोच. शिकवणारी बाई चौथऱ्यावर उभी राहते, स्वतः करून दाखवत नाही, नव्वद मिनिटं नुसतं बोलत राहते. समोर भिंतभर आरसा. कुणी कुणाशी बोलायचं नाही. पाणी गरुडासन झाल्यावर, त्याआधी नाही. नवीन माणसाला एकच सांगतात: काही जमलं नाही तर आडवे व्हा, पण खोलीबाहेर जाऊ नका.

पहिली दहा मिनिटं फार छान गेली, हे मी प्रामाणिकपणे सांगते. अर्धचंद्रासनात कंबर इतकी सैल पडली की इथे तशी कधी पडली नव्हती. पादहस्तासनात तळवे जमिनीला टेकले. मला वाटलं, अकरा वर्षांत जे झालं नाही ते आज झालं. आता कळतं की तिथेच सावध व्हायला हवं होतं.

गरुडासनानंतर दोन घोट पाणी प्याले. मग एका पायावर उभं राहून गुडघ्याला डोकं लावायचं, मग उभ्याचं धनुरासन, मग तुलादंडासन. एका पायावर काटकोनात आडवं व्हायचं, हात पुढे, पाय मागे. दुसऱ्या खेपेला कानात भोंगा सुरू झाला. आमच्या लहानपणी मिलचा भोंगा व्हायचा तसा, लांबून जवळ येत गेलेला. आरशात बघितलं तर माझा चेहरा बीटासारखा लाल आणि ओठ मात्र पांढरे. कोपराच्या टोकावरून घाम टपटपत होता. थेंब जाजमावर पडताना दिसत होते आणि मी ते मोजत होते, कारण बाकी सगळ्याच्या कडा काळ्या व्हायला लागल्या होत्या.

खाली बसले. मग आडवी झाले. पण आडवं पडूनही हवा तीच, श्वासाला गारवा मिळेना. चौथऱ्यावरून आवाज आला, छान, तिथेच पडून राहा. मी राहिले नाही. भिंतीला धरत उठले आणि बाहेर आले. हे मी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम. बाकावर बसून राहिले, अंगातून वाफा निघत होत्या. काउंटरवरच्या मुलीनं क्षाराचं पाणी दिलं. नाडी ताळ्यावर यायला अर्धा तास लागला.

एक गोष्ट मनात राहिली. आत जायच्या आधी दोन पानी फॉर्म भरून घेतला होता. त्यात चालू औषधांचा रकाना होता आणि मी गोळीचं नाव नीट लिहिलं होतं. तो कागद कुणी वाचला नाही. वाचून एकानंही विचारलं असतं, तर मी दाराजवळ मॅट टाकली असती.

दहा दिवसांनी पुन्हा गेले, इथल्या आमच्या डॉक्टरांना फोनवर विचारून. या खेपेला एक तासाचा, ३२-३३ अंशांचा वर्ग निवडला, दाराजवळची जागा घेतली, जमेल तेवढंच केलं. तो वर्ग आवडला. त्या रात्री लागली तशी झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती. म्हणजे माझी तक्रार पद्धतीवर नाही. आपण "गरमीची सवय आहे" म्हणून जी बेफिकिरी करतो, ती मला इथे सांगायची आहे.

मुलगी वर्गाच्या आधी आणि नंतर वजन करते. एके दिवशी ८०० ग्रॅम कमी भरलं. ते सगळं पाणी होतं. रात्री जेवण-पाणी झाल्यावर काटा जागेवर. "एका दिवसात किलो उतरला" असं कुणी सांगत असेल तर हेच.

आपल्यापैकी कुणी पुण्यामुंबईत किंवा बाहेर असा वर्ग केलाय का?

पुण्यातला_सोलापूरकर

ताई, नशीब बाहेर पडलात. मला मात्र एक कळत नाही. आम्ही सोलापूरच्या पार्क मैदानावर मे महिन्यात ४३ मध्ये भर दुपारी मॅच खेळलोय, दोन-दोन इनिंग. कधी चक्कर आली नाही. मग बंद खोलीतल्या चाळीसला असं काय होतं? वय सोडून विचारतोय, कारण माझ्या ऑफिसमधला २८ वर्षांचा पोरगा पुण्यात अशाच वर्गात खाली बसला होता.

डॉक्टर_सातरस्ता

चांगला प्रश्न आहे आणि उत्तर घामात आहे.

घाम येण्यानं शरीर गार होत नाही, घाम वाळण्यानं होतं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी हवेत दमटपणा बऱ्याचदा १५-२० टक्क्यांवर येतो. तुम्ही पार्कवर पळत होता तेव्हा घाम येत होता तसा वाळत होता, वर वारा होता. शर्टावर मिठाचे पांढरे डाग पडायचे, आठवतं? ते घाम वाळल्याचं लक्षण. ताईंच्या वर्गात घाम कोपरावरून टपकत होता. टपकलेला घाम वाया गेलेला असतो. शरीरातलं पाणी गेलं, मीठ गेलं आणि गारवा मिळाला नाही.

अमेरिकेच्या हवामान खात्याचा एक तक्ता आहे, पारा आणि दमटपणा मिळून अंगाला किती जाणवतं याचा. १०५ फॅरनहाइट आणि ४० टक्के दमटपणा म्हणजे सुमारे १२१, आपले जवळजवळ ५० अंश. आणि तो आकडा सावलीत, हलक्या वाऱ्यात असलेल्या माणसासाठी आहे, बंद खोलीत एका पायावर तोल सांभाळणाऱ्यासाठी नाही.

दुसरा मुद्दा, उन्हाची सवय कायमची नसते. रोज थोडं थोडं तापलं तर एक-दोन आठवड्यांत शरीर शिकतं: घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो. पण ऊन थांबलं की तीन-चार आठवड्यांत हे बरंचसं ओसरतं. ताई त्या वर्गाला गेल्या ऐन हिवाळ्यात. त्यांच्या अंगातला मे महिना तोपर्यंत संपलेला होता. आपल्याकडेही उष्माघाताचे पेशंट मार्च-एप्रिलच्या पहिल्या लाटेत जास्त घाबरवतात, ते यामुळेच.

तिसरा, औषधं. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, म्हणजे पाणी आणि क्षार आधीच कमी. काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, आणि गरमीत त्वचेकडे रक्त ढकलायला हृदयाला तर वेग वाढवायचा असतो. त्यात उभ्या आसनांत रक्त पायांत उतरतं. डोळ्यांपुढे काळं येणं हे त्याचंच. गरोदर बायका, हृदयाचे पेशंट, इन्शुलिनवर असलेले, पूर्वी ऊन लागलेलं असलेले, यांनी विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. स्वतःच्या मनानं गोळी बंद करून तर मुळीच जाऊ नये.

आणि घाबरून लिटरच्या लिटर साधं पाणी ढोसणंही बरोबर नाही. त्यानं रक्तातलं सोडियम पातळ होतं, तेही जिवावर बेततं. ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, ओआरएस घ्या.

शेवटी ज्यांना अभ्यास हवा असेल त्यांच्यासाठी. टेक्सासमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४० ते ६० वयाची माणसं, १२ आठवडे, हीच २६ आसनं. एका गटाची खोली साडेचाळीस अंशांवर, दुसऱ्याची २३ वर. रक्तवाहिन्या गरजेप्रमाणे किती रुंदावतात ते मोजलं. सुधारणा दोन्ही गटांत झाली. गरम खोलीमुळे रक्तवाहिन्यांना वेगळा फायदा दिसला नाही. मला वाटतं, यात बरंच आलं.

पुण्यातला_सोलापूरकर

मिठाचे डाग! आई ते शर्ट भिजत घालताना रोज ओरडायची. आता नीट कळलं, धन्यवाद डॉक्टर.

दादरकर_सोलापूरची

माझा अनुभव वेगळा आहे, तोही इथे असावा.

दीड वर्ष झालं, मुंबईत आठवड्यातून दोनदा जाते. माझा वर्ग ३५-३६ अंशांचा, तासाभराचा, आणि यात क्रम रोज बदलतो. दिवसभर एसीत दहा तास बसून माझी मान आणि खांदे दगड झाले होते. फिजिओ केलं, जिम केलं, टिकलं काहीच नाही. ही गोष्ट टिकली. डॉक्टर म्हणतात तसा गरमीचा वेगळा फायदा रक्तवाहिन्यांना नसेलही, पण मला त्या खोलीत मन लावता येतं. फोन बाहेर, बोलणं बंद, आणि त्या गरमीत दुसरा कुठला विचार डोक्यात टिकतच नाही. माझ्यासारख्या, ऑफिस डोक्यात घेऊन झोपणाऱ्या माणसाला हे फार मोठं आहे. साध्या वर्गात मी मनातल्या मनात ईमेल लिहीत असते.

पण मी पहिला महिना निम्मा वर्ग बसून काढला, आणि आमच्या बाई प्रत्येक नव्या माणसाजवळ जाऊन विचारतात: औषध काय, झोप झाली का, खाल्लंय कधी. कुणी बाहेर गेलं तर मागोमाग माणूस पाठवतात. ताई, तुमच्याकडे हे झालं नाही याचं मला खूप वाईट वाटलं. "खोलीबाहेर जाऊ नका" हा नियमच चुकीचा आहे. ज्यांना जायचंय त्यांनी आधी एवढंच विचारावं, मला बाहेर जावंसं वाटलं तर? उत्तर देताना शिकवणारा अडखळला तर दुसरीकडे जावं.

बाकी बारीकसारीक: जेवण आणि वर्ग यांत तीन तास तरी जाऊ द्या. पाणी वर्गाआधी दिवसभर घोट घोट प्या, ऐन वेळी बाटली रिचवू नका. अंगाला तेल-क्रीम लावून जाऊ नका, पाय घसरतो.

योगवर्ग_शिक्षक

मी सोलापुरात बावीस वर्षं वर्ग घेतो. या प्रकाराचं मूळ माहीत असलं तर बऱ्याच गोष्टी उलगडतात.

ही २६ आसनं अमेरिकेत नेली विक्रम चौधरी यांनी, १९७० च्या दशकात. ते कलकत्त्याचे, विष्णुचरण घोष यांचे शिष्य. विष्णुचरण म्हणजे परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ. आखाडा, शरीरसौष्ठव आणि हठयोग यांचा मेळ घालणारे. म्हणून या क्रमात आरसा आहे, तोल आहे, जोर आहे. त्या क्रमावर आपलाच हक्क आहे असं चौधरींचं म्हणणं होतं. २०१५ मध्ये तिथल्या अपील कोर्टानं सांगितलं की आसनांचा क्रम ही आरोग्याची एक पद्धत झाली, तिच्यावर कॉपीराइट मिळत नाही. त्यांच्यावर शिष्यांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले, २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीनं एका छळाच्या दाव्यात त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर कितीतरी स्टुडिओंनी त्यांचं नाव पाटीवरून उतरवलं आणि नुसतं हॉट योगा किंवा आसनांच्या आकड्यावरून नाव ठेवलं. आसनं त्यांची नव्हतीच, ती आधीपासून आपली सगळ्यांची आहेत. शिकणाऱ्यानं हे लक्षात ठेवलं की माणसापुढे मान तुकवायची वेळ येत नाही.

आता माझा खरा मुद्दा. हठयोगप्रदीपिकेत घामाचा उल्लेख आहे. प्राणायामाच्या श्रमानं आलेला घाम अंगावरच चोळावा, त्यानं शरीराला दृढता आणि हलकेपणा येतो, असं सांगितलंय. शब्द 'श्रमजात' असा आहे. श्रमातून आलेला. भिंतीतल्या हीटरनं काढलेला घाम आणि अभ्यासानं आलेला घाम यांत मी फरक करतो, आणि माझ्या विद्यार्थ्यांनीही करावा असं मला मनापासून वाटतं.

ताईंचे तळवे पादहस्तासनात टेकले. स्नायू तापला की लांबतो, हे खरं. पण ताण स्नायूवरच राहील याची खात्री कोण देणार? तो पुढे सांध्याच्या बंधांवर जातो. बंध एकदा सैल पडला की स्नायूसारखा परत आखडत नाही. थंड्या शरीरात दुखणं तुम्हाला थांबवतं. गरम खोलीत ते दुखणं झोपलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठतं. माझ्याकडे मांडीच्या मागची शीर धरलेले दोन जण आले, दोघेही मोठ्या शहरांत असे वर्ग करून आलेले. अकरा वर्षांत तळवे टेकले नाहीत तर नसू देत. गुडघ्यामागे ओढ कुठे लागते ते अकरा वर्षांत तुम्हाला कळलंय, हे जास्त मोलाचं.

दादरकरताईंचं मन लागण्याबद्दलचं म्हणणं मात्र मला पटलं. ज्याचं मन जिथे ठरतं तिथे त्यानं बसावं.

जुना_जॉबर

नमस्कार. नातवानं वाचून दाखवलं, मी सांगतो तसं तोच टाईप करतोय.

बाईंनी भोंग्याचं लिहिलं म्हणून मला बोलावंसं वाटलं. मी एकोणतीस वर्षं मिलच्या विव्हिंग खात्यात होतो. बदली कामगार म्हणून लागलो, जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम म्हणून बाहेर पडलो. तुम्ही ज्या खोलीचं वर्णन केलं तसल्या खोलीत आमचा जन्म गेला.

सूत कोरडं पडलं की तुटतं. सोलापूरची हवा कोरडी, म्हणून शेडमध्ये छताखालून पाण्याचा बारीक फवारा चालू ठेवायचे. खिडक्या बंद. सत्तर-ऐंशी टक्के दमट. वर मशिनची गरमी, वर मे महिना. धाग्याला बरं वाटावं म्हणून हवा तशी केलेली, माणसासाठी नव्हे. माग चालवताना माणूस काही उड्या मारत नाही, पण चार माग सांभाळायचे म्हणजे आठ तास पायावर. ताणा, म्हणजे मागावरचा उभा धागा, तुटला की वाकायचं, गाठ मारायची, धोटा बदलायचा, पुढच्या मागावर.

नवीन पोरगं लागलं की पहिला हप्ता त्याला दाराजवळच्या मागावर ठेवायचा. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. माझ्या जॉबरनं मला ठेवलं, मी माझ्या पोरांना ठेवलं. दर तासाला बाहेर पाठवायचं, नळाखाली मनगटं धरायला लावायची. डब्यात ताक आणि मीठ, खिशात गुळाचा खडा. दुसऱ्या हप्त्यात एक रांग आत, तिसऱ्यात आणखी आत. डॉक्टरसाहेब म्हणतात एक-दोन आठवडे लागतात, आमचा हिशेब तोच होता.

आणि एक खूण होती. घाम गळणाऱ्या माणसाची आम्हाला काळजी नसायची. काळजी बडबड थांबलेल्याची. बोलणारा माणूस गप्प झाला, गाठ मारताना बोटं चुकायला लागली, नाही तर उगाच चिडायला लागला, की त्याचा हात धरून बाहेर. तो "मी बरा आहे" म्हणतो. ऐकायचं नाही. एकदा माझ्या शेजारच्या मागावरचा माणूस असाच गप्प झाला. मी माझा तुटलेला ताणा आधी जोडला आणि मग त्याच्याकडे गेलो. तेवढ्यात तो पडला होता. वाचला, पण ती दोन मिनिटं मी अजून विसरलो नाही.

तुमच्या वर्गात बोलायचं नाही असा नियम आहे. मग माणूस गप्प झालेला कळणार कसा? शिकवणाऱ्या बाईनं खाली उतरून तोंडं बघत फिरायला पाहिजे, चौथऱ्यावरून नाही कळत. एवढंच मला सांगायचं होतं.

दादरकर_सोलापूरची

काका, तुमचं हे मी उद्या आमच्या बाईंना वाचून दाखवणार आहे. बोटं चुकायला लागण्याचं तर कुणीच सांगत नाही.

गच्चीवाली

मीच ती पत्र्याच्या खोलीवाली. काकूंनी लिंक पाठवली, सगळं वाचलं.

काकू, खरं सांगते, मी ते सहज म्हटलं नव्हतं. मोठ्या शहरातल्या मुलींचे व्हिडिओ बघते, फी बघते, ती आपल्याला परवडणारी नाही. आणि वाटतं की आपल्याकडे ही एक गोष्ट फुकट आहे, ऊन. ते तरी वापरावं.

काल थर्मामीटर त्या खोलीत ठेवून बघितला. अजून फेब्रुवारी संपलेला नाही, आणि दुपारी अडीचला ४४ दाखवत होता. हात लावला तर पत्र्याखालचा अँगल चटका देत होता. डॉक्टर, हवा कोरडी आहे म्हणून दारं उघडी ठेवून वीस मिनिटं चालेल का? आणि ऊन वापरायचंच असेल तर कसं?

डॉक्टर_सातरस्ता

बाळा, मोजून बघितलंस हे फार चांगलं केलंस. आता उत्तर: नाही, वीस मिनिटंही नाही.

स्टुडिओतली गरमी काट्यावर धरलेली असते, साडेचाळीसच्या वर जात नाही. तुझ्या खोलीत आज ४४, एप्रिलमध्ये किती होईल ते तूच बघशील. शिवाय तापलेला पत्रा वरून अंगावर उष्णता फेकतो, ती थर्मामीटरच्या आकड्यात पूर्ण येत नाही. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असली की वाराही तुला तापवतो. गारवा देणारा एकटा घाम उरतो. आणि मुख्य म्हणजे तिथे तू एकटी असशील. जॉबरकाकांनी सांगितलेला, हात धरून बाहेर काढणारा माणूस नसेल.

ऊन वापरायचं तर मार्चपासून सकाळी साडेसहा-सातला गच्चीवर उघड्यावर कर. रोज दहा मिनिटं उशिरा संपव. नऊच्या आत खाली ये. दोन आठवड्यांत शरीर त्या महिन्याला तयार होतं. हा फायदा फुकटचा आहे आणि मोठ्या शहरातल्या एसीत राहणाऱ्या मुलींना तो मिळत नाही.

योगवर्ग_शिक्षक

आणि गरुडासन, तुलादंडासन, उष्ट्रासन तिथेच शीक. क्रम तोच घे हवा तर, मी दाखवीन. फीचा विचार करू नकोस, सोमवारी वर्गानंतर थांब.

गच्चीवाली

थांबते सर. मैत्रिणीलाही आणते, म्हणजे एकटी नसेन.

टेरीवाला

ताई, सगळ्या चर्चेत टॉवेलचा विषय कुणीच काढला नाही! ओल्या जाजमावर मॅट आणि मॅटवर काय टाकलं होतंत? आमचा सोलापुरात पूर्व भागात टॉवेलचा कारखाना आहे, म्हणून विचारतो.

तळ्याकाठची

अहो, ते लिहायचंच राहून गेलं. मुलीसाठी इथून दोन टॉवेल नेले होते, तेच. स्टुडिओत भाड्यानं मिळतात ते पातळ, गुळगुळीत, कृत्रिम धाग्याचे. ते भिजले की हाताखालून सरकतात असं मुलगी म्हणते. आपला सुती टॉवेल भिजल्यावर उलट मॅटला घट्ट धरून बसला. दुसऱ्या वर्गानंतर न्हाणीघरात पिळला तर धार लागली, पण पायाखाली सुरकुती पडली नव्हती. शेजारची एक बाई हात लावून बघत होती, कुठला म्हणून विचारलं. मुलीनं तिला सोलापूर हा शब्द दोनदा म्हणून दाखवला. मला फार बरं वाटलं.

फक्त लांबीला कमी पडला. पाय मागे नेले की टाच जाजमावर.

टेरीवाला

बरोबर आहे. आपला नेहमीचा टॉवेल ३० बाय ६० इंच, आणि योगाची मॅट २४ बाय ६८ असते. रुंदीला पुरतो, लांबीला आठ इंच उघडं पडतं. एक सांगा, तुम्ही नेलेले कोरे होते की वापरातले?

तळ्याकाठची

एक कोरा, एक घरातला धुतलेला. कोरा सुरुवातीला पाणी पीतच नव्हता, घाम वरच तरंगत होता.

टेरीवाला

कोऱ्याला खळ आणि सॉफ्टनर असतं, त्यामुळे. तीन-चार पाण्यांतून काढला, तोही सॉफ्टनर न घालता, की टेरीचे, म्हणजे टॉवेलच्या कापडाचे, लूप (धाग्याचे फासे) मोकळे होतात आणि मग पितो. पाठवायच्या आधी धुऊनच पाठवा.

लांबी मागावर वाढवता येते. ७२ इंची काढतो, एका बाजूला लूप थोडे आखूड ठेवून, म्हणजे मॅटला धरेल. शनिवार-रविवार कारखाना बंद. सोमवारी सकाळी या, मुलीची मॅट असेल तर ती पण घेऊन या, तिच्यावर टाकूनच माप घेऊ.

तळ्याकाठची

मॅट तिची तिकडेच आहे. माझी आणते, तीच ६८ ची. सोमवारी वर्ग आटोपून साडेसातला येते. चार काढून ठेवा: दोन तिला, एक त्या शेजारच्या बाईला, आणि एक गच्चीवालीला.